नाश्त्यातला रंग येतो कुठून?

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आठवून बघा. साजूक तुपात भाजलेला रवा, दूध, साखर, केळं. रंग फिकट बदामी. मुंबईत कुठल्याही स्टेशनबाहेर सकाळी आठ वाजता जो शिरा मिळतो, तो मात्र बहुतेक वेळा झगझगीत नारिंगी असतो आणि ‘पाइनॅपल शिरा’ म्हणून येतो तो लिंबापेक्षा पिवळा. रवा तोच असतो, फरक असतो डबीतल्या रंगाचा. रविवारी फाफड्याबरोबर येणारी जिलेबी, ब्रेडला लावायचा लालभडक जॅम, बनमधली हिरवी-लाल तुटीफ्रूटी, दुधात घालायची गुलाबी पावडर, रंगीत कड्यांचं सीरियल यांतलं काही ना काही खाऊनच या शहरातली कितीतरी मुलं शाळेत जातात.

या रंगांबद्दल दोन मतं कायम ऐकू येतात. एक म्हणजे ‘सगळं विष आहे’, आणि दुसरं ‘सरकारने परवानगी दिलीय म्हणजे काही होत नाही’. दोन्ही अर्धवट आहेत. माझं मत आधीच सांगते: रोजच्या नाश्त्यात, विशेषतः मुलांच्या, वनस्पतींचेच रंग असावेत. पण ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हे त्याचं कारण नव्हे. खरं कारण मापाचं आहे, आणि ते समजून घ्यायला थोडी आकडेमोड करावी लागते.

रंग दिसतो कसा

हळदीतलं करक्युमिन असो की डबीतलं टार्ट्राझिन, दोघांना रंग येण्याची रीत एकच. रेणूत कार्बनच्या अणूंमध्ये एकाआड एक दुहेरी बंध असले की तो रेणू प्रकाशातला काही भाग शोषून घेतो आणि उरलेला भाग आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. ही मालिका जितकी लांब, तितका रंग पिवळ्याकडून लालकडे सरकतो. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनमध्ये असे ११ दुहेरी बंध ओळीने असतात, म्हणून गाजर नारिंगी.

वनस्पती हे रेणू आपापल्या कामासाठी बनवतात. कारखान्यातले रेणू आपल्या कामासाठी बनवलेले असतात. त्याची सुरुवात १८५६ मध्ये लंडनला झाली. विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा मुलगा मलेरियावरचं क्विनीन प्रयोगशाळेत तयार करायला बघत होता. क्विनीन झालं नाही, जांभळा रंग मिळाला. कच्चा माल होता दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेला. पुढे डांबराची जागा खनिज तेलाने घेतली आणि कापडासाठी निघालेले हे रंग खाण्यातही शिरले. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन हे सगळे ‘अ‍ॅझो’ रंग, म्हणजे ज्यांच्या मध्यभागी नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात.

कारखानदाराला आणि हॉटेलवाल्याला ते का आवडतात हे समजणं अवघड नाही. पाण्यात लगेच विरघळतात, उकळलं तरी टिकतात, लिंबू पिळलं तरी बदलत नाहीत, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली महिनोन् महिने तसेच राहतात. स्वस्त आहेत. आणि त्यांना चव नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

परवानगी कशाला आहे

आपल्याकडे अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. त्याखालच्या २०११ च्या नियमांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे: पिवळ्यात टार्ट्राझिन आणि सनसेट यलो, लालमध्ये पाँसो ४आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन, निळ्यात इंडिगो कार्मिन आणि ब्रिलियंट ब्लू, हिरव्यात फास्ट ग्रीन. तेही कशातही घालायचे नाहीत. बिस्किटं, केक, मिठाई, आइसक्रीम, कस्टर्ड पावडर, जेली अशी ठरलेली यादी आहे. प्रमाण सर्वसाधारणपणे एका किलो पदार्थात १०० मिलिग्रॅमपर्यंत.

या आठांच्या बाहेरचे कृत्रिम रंग म्हणजे सरळ गुन्हा. मेटॅनिल यलो हा कापड-चामड्याचा पिवळा, रोडामाइन-बी हा गुलाबी, मॅलकाइट ग्रीन हा हिरवा. ‘बुढ्ढी के बाल’मध्ये रोडामाइन-बी सापडल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने त्याच्या विक्रीवर बंदी घातली, आणि मार्चमध्ये कर्नाटकाने त्यात व गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. हे दूरचं वाटत असेल, तर थंडीत बाजारात मिळणारे सोललेले मटार आठवा. ताज्या मटारांच्या नावाखाली भिजवलेले सुके वाटाणे हिरवे करून विकले जातात. मूठभर मटार साध्या पाण्यात अर्धा तास ठेवले आणि पाणी हिरवं झालं, तर ते पोह्यात घालायचे नाहीत. खऱ्या मटारातलं हरितद्रव्य पाण्यात असं उतरत नाही.

चिमूट म्हणजे किती

आता आकडेमोड. प्रत्येक रंगासाठी, रोज आयुष्यभर खाल्ला तरी चालेल अशी मर्यादा तज्ज्ञांच्या समित्या ठरवतात, वजनाच्या हिशोबाने. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त समितीने सनसेट यलोसाठी ती दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅम धरली आहे. म्हणजे १५ किलोच्या मुलासाठी दिवसाला ६० मिलिग्रॅम.

शिऱ्यात कायद्यातल्या कमाल प्रमाणाइतका रंग आहे असं धरू. किलोला १०० मिलिग्रॅम, तर दीडशे ग्रॅमच्या बशीत १५ मिलिग्रॅम. मर्यादेच्या चौथा भाग. त्या मुलाने दिवसभरात रंगीत दुसरं काही खाल्लं नाही, तर घाबरण्यासारखं काही नाही. हे मान्य केलं पाहिजे.

पण १०० मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग. तो मोजायला सोनाराचा काटा लागेल. गाडीवर किंवा हॉटेलच्या भटारखान्यात कोण मोजतं? चिमटीने घालतात, आणि चिमटीत पाव ते अर्धा ग्रॅम पूड सहज येते. शुद्ध रंगाची अर्ध्या ग्रॅमची चिमूट किलोभर शिऱ्यात पडली, की त्याच बशीत ७५ मिलिग्रॅम झाले. मुलाची दिवसाची मर्यादा सकाळी सव्वासातला ओलांडली. आणि खाणाऱ्याला, करणाऱ्याला, कुणालाच पत्ता नाही, कारण चव बदललेली नाही. रंग तेवढा जरा गडद झाला, आणि गडद रंगाला गिऱ्हाईक नाक मुरडत नाही.

काही रंगांची मर्यादा तर याहून कितीतरी खाली आहे. एरिथ्रोसिन, म्हणजे चेरीचा गुलाबी-लाल रंग, किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. १५ किलोच्या मुलाला दिवसाला दीड मिलिग्रॅम. कमाल प्रमाणात रंगवलेल्या पदार्थाचे फक्त १५ ग्रॅम.

आता हळद घ्या. करक्युमिनलाही मर्यादा आहे, किलोमागे ३ मिलिग्रॅम. वाचून आश्चर्य वाटेल, पण आकडा सनसेट यलोपेक्षा कमीच आहे. मग फरक कुठे पडला? हळदीत करक्युमिन असतं शेकडा २ ते ५. ३ टक्के धरलं तर १५ किलोच्या मुलाची ४५ मिलिग्रॅमची मर्यादा गाठायला दीड ग्रॅम, म्हणजे सुमारे अर्धा चमचा हळद त्या एकट्याच्या बशीत पडली पाहिजे. घरी अर्धा चमचा हळद चौघांच्या पोह्यांना पुरते. एका बशीत तेवढी घातली तर पोहे कडू होतील आणि मूल पहिल्या घासाला बशी सरकवेल.

हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हळद, बीट, पालक, केशर यांत रंगाबरोबर चव, वास, चोथा, पाणी सगळं येतं. जास्त झालं की जिभेला कळतं. बीट जास्त झालं तर मातकट लागतं, केशर जास्त झालं तर उग्र, आणि त्याआधी खिसा ओरडतो. डबीतल्या रंगाला हा लगाम नाही.

दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल मला मनापासून राग आहे. नारिंगी शिरा ‘यात केशर आहे’ असं डोळ्याला सांगतो, पिवळा शिरा ‘यात अननस आहे’ असं. लाल जॅम फळांची साक्ष देतो. मूल रंगावरून चव शिकतं. पाच वर्षांच्या मुलाला अननसाचा खरा रंग फिका वाटायला लागला, तर ते नुकसान कुठल्याही मिलिग्रॅममध्ये मोजता येणार नाही.

मुलं आणि परदेशातले निर्णय

२००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुलं. त्यांना काही दिवस रंग आणि सोडियम बेंझोएट हे पदार्थ टिकवणारं रसायन घातलेलं पेय दिलं, काही दिवस तसंच दिसणारं पण रंग नसलेलं. रंगाच्या दिवसांत मुलांची चुळबूळ सरासरीने वाढलेली दिसली. परिणाम छोटा होता आणि सगळ्या मुलांत सारखा नव्हता. शिवाय मिश्रण दिल्यामुळे नेमका कुठला रंग जबाबदार हे सांगता येत नाही. म्हणून ‘रंगामुळे मुलं अतिचंचल होतात’ असं ठाम विधान करणं चुकीचं ठरेल. पण युरोपीय संघाने सावधपणाची बाजू घेतली. जुलै २०१० पासून, त्या अभ्यासात वापरलेल्या सहा रंगांपैकी कुठलाही असेल तर पाकिटावर, मुलांच्या हालचालींवर आणि एकाग्रतेवर दुष्परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते. त्या सहांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पाँसो ४आर हे चार आपल्या परवानगीच्या यादीत आहेत. आपल्या पाकिटांवर अशी सूचना नसते.

अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये एरिथ्रोसिनची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली. नर उंदरांमध्ये त्यामुळे थायरॉइडच्या गाठी झाल्याचं फार पूर्वी दिसलं होतं. सौंदर्यप्रसाधनांतून तो तिथे १९९० मध्येच बाहेर गेला होता, खाण्यात मात्र आणखी ३५ वर्षं राहिला.

सीरियलची गोष्ट त्याहून बोलकी आहे. अमेरिकेत जनरल मिल्सने २०१६ मध्ये आपलं ‘ट्रिक्स’ हे मुलांचं रंगीत सीरियल हळद, मुळा, बेरी यांच्या रंगांत आणलं. लाल, पिवळा, नारिंगी, जांभळा जमले, निळा आणि हिरवा जमले नाहीत. गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या, आणि २०१७ मध्ये कंपनीला जुनं कृत्रिम रंगांचं ट्रिक्सही परत विक्रीला ठेवावं लागलं. अडलं होतं कुठे, तर निळ्यावर. खाण्यातला टिकाऊ निळा रंग वनस्पतींत फार दुर्मिळ. पुढे मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने सीरियलमध्ये वापरायला ज्या निळ्या रंगांना मंजुरी दिली, त्यांतला एक गोकर्णाच्या फुलांचा आहे. तीच गोकर्ण, जी दादर-गिरगावच्या चाळींच्या कठड्यांवर, मुलुंड-बोरिवलीच्या खिडक्यांच्या जाळ्यांवर चढलेली असते आणि जिची फुलं आपण देवाला वाहतो.

स्वयंपाकघरात काय घडतं

वनस्पतींचा रंग बदलतो, उडतो, विटतो, अशी तक्रार असते. खरी आहे. पण तो का बदलतो हे कळलं की तो सांभाळता येतो.

हळदीपासून सुरू करू. करक्युमिन आंबटात लख्ख पिवळं राहतं आणि अल्कलीत लाल होतं. हळदीला चुना आणि लिंबाचे संस्कार करून कुंकू करतात, त्यातली लाली हीच. सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, तोही याच कारणाने. आणि ढोकळ्यात जे तांबूस ठिपके येतात ते हेच: सोडा नीट मिसळला गेला नाही आणि त्याचे कण जिथे राहिले, तिथे हळद लाल झाली. पिठात हळद आणि लिंबाचा रस आधी घालून, सोडा शेवटी पाण्यात विरघळवून घातला आणि एकाच दिशेने भरभर फेटलं, की ठिपके येत नाहीत. पोह्यांवर लिंबू पिळल्यावर पिवळा उजळतो तोही याचमुळे. हळद पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते, म्हणून ती फोडणीतच घालायची. वरून भुरभुरवली तर रंगही येत नाही आणि कच्ची लागते. उजेडात करक्युमिन विटतं, त्यामुळे काचेच्या बरणीत ओट्यावर ठेवलेली हळद फिकी पडते. स्टीलचा डबा बरा.

नारिंगी शिरा हवाच असेल तर गाजर. दोन वाट्या रव्याला एक मध्यम गाजर बारीक किसून, कढईत आधी तूप, मग कीस, आच मंद. पाचेक मिनिटांत कीस मऊ पडतो आणि कढईच्या कडेला सुटलेलं तूप नारिंगी दिसायला लागतं. कॅरोटीन पाण्यात उतरत नाही, तुपात उतरतं. ते गाजरातून निघून तुपात आलं की काम झालं. मग वेगळा भाजलेला रवा त्या तुपात परतायचा. प्रत्येक कणावर रंगीत तूप चढतं आणि सगळा शिरा एकसारखा कोवळा केशरी होतो. हॉटेलइतका भडक होत नाही. होऊही नये. कॅरोटीन उष्णता बऱ्यापैकी सोसतं, त्यामुळे दणदणीत वाफ दिली तरी चालते. खरं केशर घालायचं तर उलट: त्यातलं क्रोसिन पाण्यात विरघळतं, म्हणून काड्या कोमट दुधात खलून घालायच्या. दुधात टाकताक्षणी लाल रंग ओघळला आणि काडी पांढरी पडली, तर ती काडी रंगवलेली. खरी काडी सावकाश पिवळा-सोनेरी रंग सोडते आणि स्वतः बराच वेळ लाल राहते.

बीट हे मुलांच्या इडलीसाठी सगळ्यांचं आवडतं, आणि बहुतेकांची निराशाही इथेच होते. पीठ सुंदर गुलाबी, इडली निघते मळकट. बिटातलं बीटानिन आंबट ते साधारण उदासीन पिठात टिकतं, पण उष्णतेने तुटतं आणि अल्कलीत पिवळं पडतं. रात्रभर आंबवलेलं पीठ आंबट असतं, त्यामुळे ते बिटाला मानवतं. झटपट रव्याच्या इडलीत सोडा जास्त पडला की रंग गेलाच. तेव्हा आंबवलेलं पीठ घ्यायचं, बिटाचा रस इडलीपात्रात घालायच्या अगदी आधी मिसळायचा, इडल्या छोट्या करायच्या म्हणजे कमी वेळात शिजतील, आणि शिजल्या की पात्रात पडून ठेवायच्या नाहीत. त्यातूनही रंग थोडा उतरेलच. बीट खाल्ल्यावर काही जणांना लघवी गुलाबी होते. आई घाबरून डॉक्टरांना फोन करते. त्यात काळजीचं काही नसतं, आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का ते आधी आठवायचं.

पालक, कोथिंबीर, पुदिना यांच्या हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. उष्णता आणि आंबटपणा मिळून तो अणू बाहेर काढतात आणि हिरवा रंग शेवाळी होतो. शिजताना पाल्यातूनच आम्ल सुटतं, त्यातलं काही वाफेबरोबर उडून जातं, म्हणून पालक झाकण न ठेवता उकळत्या पाण्यात मिनिटभरच टाकायचा आणि लगेच गार पाण्यात काढायचा. त्याची पेस्ट घावनाच्या पिठात घातली तर घावन पटकन होतं म्हणून हिरवं राहतं. उपम्यात मटार शेवटी, लिंबू बशीत. हिरवा टिकावा म्हणून सोड्याची चिमूट घालायची जुनी सवय आहे, तिने रंग टिकतो खरा, पण क जीवनसत्त्व आणि बी-१ जातं. माझं मत विचाराल तर शेवाळी पालक चालेल, सोडा नको.

गोकर्णाची पाच-सहा ताजी फुलं देठाचा हिरवा भाग काढून कपभर गरम पाण्यात टाकली की दोन मिनिटांत पाणी गडद निळं होतं. त्यात लिंबाचे चार थेंब घातले की जांभळं. ही अँथोसायनिन्सची खासियत, ती आम्लाप्रमाणे रंग बदलतात. कोकमाचा लाल, जांभळाचा जांभळा, लाल कोबीचा रंग हे सगळे याच कुळातले. म्हणूनच आंबवलेल्या इडलीच्या पिठात गोकर्ण घातली तर इडली आकाशी होत नाही, फिकट जांभळी होते. निळा हवा तर नारळाच्या दुधातले तांदळाचे शेवये किंवा साबुदाण्याची खीर करावी. फुलं घरच्या किंवा ओळखीच्या वेलीची घ्या. फुलबाजारातल्या फुलांवर काय फवारलंय ते कळत नाही.

आणि ज्यांना रंग लागतच नाही असे पदार्थ आपल्याकडे भरपूर आहेत. थालीपीठ, आंबोळी, धिरडं, नाचणीची खीर. नाचणीचा तपकिरी रंग तिच्या सालीतल्या द्रव्यांचा असतो. सत्त्व काढताना साल गाळली जाते म्हणून सत्त्व फिकं दिसतं. ते फिकं दिसतं म्हणून त्यात चॉकलेटी पावडर ढवळण्याचं कारण नाही.

‘नैसर्गिक’ या शिक्क्यावर किती विसंबायचं

फार नाही. २०११ च्या त्याच नियमांत नैसर्गिक रंगांची जी यादी आहे, तिच्यात हळद, केशर, हरितद्रव्य, कॅरोटीन, शेंदरीच्या बियांचा अ‍ॅनाटो यांच्याबरोबर कॅरॅमलही आहे, आणि हे रंग वनस्पतीतून काढलेले असोत वा कृत्रिमरीत्या बनवलेले, दोन्ही चालतात. ‘नैसर्गिक रंग’ लिहिलेल्या पाकिटातलं बीटा-कॅरोटीन गाजर न बघितलेलंही असू शकतं. रेणू तोच, त्यामुळे अपाय नाही, पण गाजराचं पोषण मिळालं असा समज करून घेऊ नये. ब्राउन ब्रेड गव्हाच्या कोंड्यामुळेच तपकिरी असतो असंही नाही. पुष्कळदा तो मैदा आणि कॅरॅमल असतो. घटकांच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं आणि खाली १५० हा कॅरॅमलचा क्रमांक असेल तर समजून जावं.

हळदीतही धोका आहे. पिवळी दिसावी म्हणून तिला मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट चोळण्याचे प्रकार होतात. लेड म्हणजे शिसं, आणि ते मुलांच्या मेंदूला कृत्रिम रंगांपेक्षा कितीतरी जास्त घातक आहे. हळकुंडं आणून डोळ्यांसमोर दळून घेणं चांगलं. लालबागला मसाल्याबरोबर हळद दळून घेणारी घरं अजून आहेत. पण हळकुंडंही चकचकीत, एकसारखी पिवळीजर्द असतील तर घेऊ नका. खरं हळकुंड खडबडीत आणि थोडं धुळकट असतं. घरची साधी परीक्षा म्हणजे पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवणं. चांगली हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं करते, रंगवलेली गडद पिवळं. शिसं या परीक्षेत हमखास सापडेलच असं नाही, त्याला प्रयोगशाळा लागते.

पाकीट आणि दुकान

पाकिटावर रंग ‘आयएनएस’ क्रमांकाने लिहिलेले असतात आणि १०० ते १९९ हे बहुतेक रंगांचे क्रमांक. क्रमांकावरून नैसर्गिक-कृत्रिम ओळखता येत नाही, कारण १०० म्हणजे हळदीचं करक्युमिन आणि १०२ म्हणजे टार्ट्राझिन. पाठ करायचेच तर सहा करा: १०२ (टार्ट्राझिन), ११० (सनसेट यलो), १२२ (कार्मोइसिन), १२४ (पाँसो ४आर), १२७ (एरिथ्रोसिन), १३३ (ब्रिलियंट ब्लू). जॅमवर १२२ आणि कस्टर्ड पावडरवर १०२ व ११० वारंवार दिसतात. तुटीफ्रूटी म्हणजे कच्च्या पपईचे पाकवलेले तुकडे, त्यांना स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. घरी करायची तर बिटाच्या आणि केशराच्या पाकात होते. महिनाभर फ्रीजमध्ये टिकत नाही, थोडी थोडी करावी लागते.

पाकीट नसलेल्या पदार्थाचं काय? विचारायचं. किराणावाल्याकडे ‘जिलेबीचा रंग’ म्हणून सुट्या पुडीत मिळतो तो घेऊच नये. त्यावर ना नाव, ना क्रमांक. “काका, यात नक्की काय आहे?” म्हटलं की “खायचाच आहे हो ताई” एवढंच उत्तर मिळतं. परवानगीचा रंग बंद डबीत, त्यावर रंगाचं नाव आणि परवाना क्रमांक असलेलाच असतो. शाळेच्या कँटीनला, सोसायटीच्या नाश्त्याच्या कंत्राटदाराला ऑर्डर देतानाच ‘रंग घालायचा नाही’ असं लिहून दिलं तर बहुतेक जण ऐकतात. त्यांचा खर्च वाढत नाही, कमीच होतो.

शंका दाट असेल तर फूड सेफ्टी कनेक्ट या सरकारी अ‍ॅपवर तक्रार करता येते. फारसं माहीत नसलेली आणखी एक सोय २००६ च्या कायद्याच्या कलम ४० मध्ये आहे: कुठलाही ग्राहक फी भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि नमुना नियमबाह्य निघाला तर फी परत मिळते. अट एकच, पदार्थ तपासायला देणार आहोत हे विक्रेत्याला विकत घेतानाच सांगावं लागतं.